एक उच्चार, दोन अक्षरे: जपानी ‘शोगाइ’चे प्रकरण

प्रकरण काय आहे

जपानीत अपंगत्वाला ‘शोगाइ’ म्हणतात. शब्द दोन चिनी अक्षरांचा, ‘शो’ आणि ‘गाइ’. पैकी ‘गाइ’ दोन वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिता येते. एका अक्षराचा अर्थ हानी, दुसऱ्याचा अडथळा. उच्चार दोन्हींचा तंतोतंत सारखा. कायद्यांत, शाळांत, रुग्णालयांत आणि वर्तमानपत्रांत गेली पाऊणशे वर्षे ‘हानी’चे अक्षर चालत आले आहे. ते माणसाला लावायचे का, आणि नाही तर त्याच्या जागी काय लिहायचे, या प्रश्नावर जपानी सरकार, संसद, भाषातज्ज्ञ, नगरपालिका आणि अपंग व्यक्तींच्या संघटना २००९ ते २०२१ या काळात वारंवार बसल्या. त्या सगळ्याचा हा अभ्यास. समित्यांतील व्यक्तींची आणि संघटनांची नावे घेतलेली नाहीत. मुद्दे सार्वजनिक चर्चेतले आहेत. पुढे सोयीसाठी या दोन अक्षरांना ‘हानी-गाइ’ आणि ‘अडथळा-गाइ’ म्हटले आहे.

पार्श्वभूमी: अक्षरे कुठून आली

हानी-गाइ दहा रेघांचे. वर छप्पर, तळाशी चौकोनी तोंड आणि दोघांच्या मध्ये आडव्या रेघा छेदणारी एक उभी रेघ. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन या चिनी कोशकाराने पूर्ण केलेल्या अक्षरकोशात त्याचा अर्थ ‘इजा’ दिला आहे. घराच्या छपराखालच्या तोंडातून निघालेल्या बोलण्याने नाश सुरू होतो, असे तिथले स्पष्टीकरण. विसाव्या शतकातले जपानी अभ्यासक शिराकावा शिझुका यांनी त्यात प्रार्थनेच्या पात्रात खुपसलेली मोठी सुई पाहिली. उगम कोणताही माना, अर्थ बदलत नाही: इजा, नुकसान, घात. आजच्या जपानीत हे अक्षर प्रदूषण, आपत्ती आणि पिकावरची कीड या शब्दांत येते. गुन्हा करणारा आणि गुन्ह्याचा बळी, या दोघांच्या नावांतही तेच बसलेले असते.

अडथळा-गाइचे जुने रूप एकोणीस रेघांचे. डावीकडे ‘दगड’, उजवीकडे ‘शंका’. शू शेनच्या मते अर्थ ‘थांबवणे’. दगड अर्थासाठी आणि शंकेचे अक्षर केवळ उच्चारासाठी. पण हा उजवा भाग बोलका आहे. हाडांवर कोरलेल्या सर्वांत जुन्या लेखांत ‘शंका’ म्हणजे हातात काठी घेऊन, मान वळवून उभा राहिलेला, कुठे जावे ते न कळलेला माणूस. त्यामुळे ‘वाटेत धोंडा आला म्हणून थबकलेला माणूस’ ही फोड जपानी चर्चेत फार लोकप्रिय झाली. ती मनाला भिडते, पण व्युत्पत्ती म्हणून तिचा आधार घेऊ नये. अशा दोन भागांच्या चिनी अक्षरांत एक भाग अर्थाचा आणि एक उच्चाराचा असणे ही नेहमीची रचना आहे. दोन्ही भागांतून चित्र जुळवत बसलो की हवे ते सिद्ध करता येते. याच अक्षराचे तेरा रेघांचे सुटसुटीत रूपही फार पूर्वीपासून चालते. त्यात ‘शंके’च्या जागी ‘मिळवणे’ या अर्थाचे जुने अक्षर येते. जपानमध्ये आणि मुख्य भूमीवरच्या चीनमध्ये हेच रूप छापतात. तैवान आणि हाँगकाँगमध्ये एकोणीस रेघांचे.

जोडीचे ‘शो’ म्हणजे टेकाड किंवा बांध दाखवणारी डावी बाजू आणि उच्चारासाठी उजवी. अर्थ ‘आड येणे, पडदा’. जपानी घरातल्या कागदी सरकत्या दारांना ‘शोजी’ म्हणतात, त्यातला ‘शो’ हाच.

अडथळा-गाइ जपानमध्ये पोहोचले ते मुख्यतः बौद्ध ग्रंथांतून, आणि इथे आपल्या वाचकाला ओळखीचे काहीतरी सापडते. महाराष्ट्रात येऊन गेलेला प्रवासी ह्युएन त्संग याच्या नावावर असलेल्या प्रज्ञापारमिताहृदयाच्या चिनी अनुवादात चित्ताला अडथळा नसण्याविषयी एक ओळ आहे. तिथे संस्कृतात ‘आवरण’ हा शब्द आहे आणि चिनीत हे अक्षर. जपानी पठणात ती ओळ ‘शिन मु के गे’ अशी ऐकू येते. शेवटचा ‘गे’ म्हणजे आपले अडथळा-गाइ, फक्त जुन्या बौद्ध उच्चारातले.

सगळ्या प्रकरणाची गोम उच्चारात

ही दोन अक्षरे इतर भाषांत कशी उच्चारतात ते पाहिले की वाद जपानमध्येच का उभा राहिला ते कळते. चिनी बोलींच्या मध्ययुगीन टप्प्यावर अडथळ्याचे अक्षर ‘ङ’ने सुरू होत असे आणि हानीचे घोगऱ्या ‘ह’सारख्या ध्वनीने. व्हिएतनामीत तो ‘ङ’ आजही जिवंत आहे: अडथळा ‘ङाय’, हानी ‘हाय’. कॅन्टनीजमध्ये ‘ङॉय’ आणि ‘हॉय’. (आपल्या वर्णमालेत ङ आहे, पण त्याने शब्द सुरू करायची वेळ मराठीत येत नाही, इथे मात्र तो अगदी हवा तसा बसतो.) मँडरिनने ‘ङ’ टाकून दिला, म्हणून ‘आय’ आणि ‘हाय’. कोरियनमध्ये ‘ए’ आणि ‘हे’. म्हणजे चारही ठिकाणी दोन अक्षरे कानाला वेगळी.

जपानी कानाला मात्र दोन्ही आरंभध्वनी ‘ग’ वाटले. दोन्ही अक्षरे ‘गाइ’ झाली. एका अक्षराच्या जागी दुसरे सरकवले तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, ही सोय फक्त जपानीत होती.

अडचण कशी निर्माण झाली

नोव्हेंबर १९४६ मध्ये जपानी सरकारने रोजच्या वापरासाठी १,८५० कांजींची, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांची, ‘तोयो’ यादी जाहीर केली. कायदे, सरकारी कागद, वर्तमानपत्रे यांनी या यादीबाहेर जाऊ नये असा हेतू होता. हानी-गाइ यादीत आले, अडथळा-गाइ आले नाही. १९४९ मध्ये शारीरिक अपंगत्व असलेल्यांच्या कल्याणाचा कायदा झाला, त्याच्या नावात ‘शोगाइ’ हानी-गाइने लिहिले गेले. १९५६ मध्ये यादीबाहेरच्या अक्षरांऐवजी कोणती समोच्चारी अक्षरे वापरावीत याची शिफारस आली, तीतही अडथळा-गाइच्या जागी हानी-गाइ होते.

यावरून सांगितली जाणारी गोष्ट अशी: पूर्वी ‘अडथळा’ असे सभ्य लिहायचे, युद्धानंतर नोकरशाहीने एक अक्षर छाटले आणि माणसे ‘हानी’ झाली. गोष्ट अर्धी खरी आहे. जुन्या ग्रंथांत अडथळा-गाइचा शब्द ‘शोगे’ असा वाचला जाई आणि त्याचा अर्थ होता भुताखेतांनी, दुष्ट शक्तींनी केलेले विघ्न. हानी-गाइने लिहिलेला ‘शोगाइ’ एदो काळाच्या अखेरीस, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात आला होता. मेइजी काळात, १८६८ ते १९१२ दरम्यान, अडथळ्याचा शब्द ‘शोगे’ आणि ‘शोगाइ’ असा दोन्ही प्रकारे वाचला जाऊ लागला. तो घोळ टाळण्यासाठी हानी-गाइ सोयीचे ठरले आणि तैशो काळात, १९१२ ते १९२६ दरम्यान, तेच जास्त रुळले. १९४६ च्या यादीने आधीच झुकलेला तराजू पक्का केला.

तरीही आक्षेप खोटा ठरत नाही. वाचणारा इतिहास वाचत नाही, समोरचे अक्षर वाचतो. ‘शोगाइ’पुढे ‘व्यक्ती’ या अर्थाचे ‘शा’ जोडले की शेवटची दोन अक्षरे ‘हानी’ आणि ‘व्यक्ती’ अशी शेजारी येतात, आणि गुन्हेगाराला म्हणतात त्या ‘कागाइशा’ची शेपूटही नेमकी हीच. प्राथमिक शाळेत कांजी शिकणाऱ्या मुलाला हा संबंध सांगावा लागत नाही.

समोरचे पर्याय

चार पर्याय पुन्हा पुन्हा पुढे आले.

पहिला, आहे तसे ठेवणे. याच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद अपंग चळवळीतूनच आला. अपंगत्व माणसाच्या शरीरात नसून जिना, अरुंद दार, नाकारलेली नोकरी यांत आहे असे मानले, तर हानी समाज करतो. ती शब्दात दिसू द्या, पुसू नका. शिवाय ‘शो’ अक्षरातही ‘आड येणे, बाधणे’ आहेच, मग एकच अक्षर बदलून काय साधणार?

दुसरा, ‘गाइ’ हिरागाना या ध्वनिलिपीत लिहिणे. २००० नंतर अनेक नगरपालिका आणि प्रांतांनी हा मार्ग घेतला. शाळेत शिकलेल्या कोणालाही वाचता येतो, यादीचा प्रश्न येत नाही. पण ध्वनिलिपीतल्या ‘गाइ’ला स्वतःचा अर्थ नाही, म्हणून टीकाकारांनी त्याला प्रश्न झाकणे म्हटले. त्याहून ठोस अडचण यंत्राची. कांजीला पुढच्या अक्षराच्या आधाराने उच्चार मिळतो. पुढचे अक्षर हिरागानात गेले की काही स्क्रीन रीडर एकट्या ‘शो’चा देशी जपानी उच्चार घेतात आणि ‘सावारिगाइ’ असा निरर्थक शब्द वाचून दाखवतात. ज्यांच्या सन्मानासाठी बदल केला त्यांतल्याच अंध वाचकांना तो ऐकावा लागतो.

तिसरा, अडथळा-गाइ परत आणणे. अर्थ बरोबर, आणि समर्थकांच्या मते चीन, तैवान, कोरिया यांच्याशी जुळणारे. संगणकाचीही अडचण नाही, कारण तेरा रेघांचे रूप जपानी अक्षरसंचाच्या पहिल्या, म्हणजे रोजच्या गटातच आहे. अडचण ओळखीची. सामान्य जपानी वाचक हे अक्षर फार तर ‘गाइशी’ या शब्दात भेटतो. ‘गाइशी’ म्हणजे विजेच्या खांबावरचा चिनी मातीचा विद्युतरोधक. तोही बहुधा ध्वनिलिपीत लिहितात. दुसरे ठिकाण ‘युझू मुगे’, मोकळा, अडकून न पडणारा या अर्थाचा वाक्प्रचार.

चौथा, शब्दच बदलणे. इंग्रजीतून घेतलेला ‘चॅलेंज्ड’ही चर्चेत होता. तो टिकला नाही. आव्हान पेलण्याची जबाबदारी तो पुन्हा व्यक्तीवरच टाकतो, हा आक्षेप त्याला भोवला.

शेजारी काय लिहितात

चीनमध्ये ‘चांग-आय’ म्हणजे अडथळा, आणि तो वस्तूला लावतात, माणसाला नाही. उतार असलेले फूटपाथ, स्पर्शाने कळणारी फरशी या सोयींसाठी ‘अडथळाविरहित’ हा शब्द रूढ आहे, आणि त्याच नावाचा कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. अपंग व्यक्तीसाठी कायद्यातला शब्द मात्र ‘छान-जी’. त्यातल्या पहिल्या अक्षरात मोडकेपणा, दुसऱ्यात आजार. जपानी कार्यकर्ते चीनचा दाखला देतात तेव्हा हा फरक बऱ्याचदा गळतो. खरा दाखला तैवानचा. तिथल्या १९८० च्या कायद्यात मोडकेपणाचे अक्षर होते. १९९७ मध्ये नाव बदलून ‘शरीर-मनाचा अडथळा’ असे झाले, एकोणीस रेघांच्या अक्षराने.

कोरियात शब्द ‘जांग-ए’, मुळात अडथळ्याचाच. पण कोरियन आज हंगुल या ध्वनिलिपीत लिहिली जाते, त्यामुळे अक्षर डोळ्यांसमोर येतच नाही. तिथला वाद शेपटावर झाला. १९८१ च्या कायद्यात ‘व्यक्ती’साठी ‘जा’ होते. हे अक्षर जपानी ‘शा’चेच. १९८९ मध्ये त्याजागी ‘माणूस’ या अर्थाचे ‘इन’ आले. मध्ये ‘मित्र’ या अर्थाचे अक्षर जोडलेला ‘जांग-ए-उ’ही चालला, पण सगळ्यांनी आपल्याला मित्र म्हणून दयाबुद्धीने का पाहावे आणि स्वतःविषयी बोलताना हा शब्द कसा वापरायचा, या रास्त प्रश्नांपुढे तो मागे पडला.

व्हिएतनामीत तर अक्षराने वेगळीच वाट धरली. ‘चुओंग ङाय’ म्हणजे अडथळा हा अर्थ आहेच, पण सुटा ‘ङाय’ म्हणजे संकोच वाटणे, कोणाला त्रास द्यायला जीव कचरणे. अपंगत्वासाठी तिथे तिसराच शब्द आहे. वाटेतला धोंडा बाहेर न राहता मनात शिरला, असा हा अर्थबदल या अक्षराच्या साऱ्या प्रवासातला सर्वांत सुंदर टप्पा म्हणावा लागेल.

काय केले गेले

निर्णयाचा पहिला क्षण २०१० चा. १९८१ मध्ये ‘तोयो’ यादीची जागा १,९४५ अक्षरांच्या ‘जोयो’ यादीने घेतली होती आणि ती सक्तीची मर्यादा न राहता मार्गदर्शक झाली होती. ती वाढवण्याचे काम चालू असताना जनतेकडून आलेल्या सूचनांत अडथळा-गाइ घालण्याची मागणी ठळक होती. त्याच वेळी, डिसेंबर २००९ मध्ये, मंत्रिमंडळाने अपंगत्वविषयक व्यवस्था सुधारण्यासाठी एक मंडळ स्थापले, आणि त्याच्या नावात ‘गाइ’ हिरागानात लिहिले. भाषातज्ज्ञांनी ठरवले की संबंधितांचे मंडळ काय म्हणते ते पाहू. मंडळाच्या कार्यगटाने संघटना आणि व्यक्तींचे म्हणणे ऐकले. एकमत नव्हते, कोणाला जुने हवे, कोणाला ध्वनिलिपी, कोणाला अडथळा. नोव्हेंबर २०१० मध्ये कार्यगटाने तूर्त हानी-गाइच चालू ठेवण्याचे सुचवले. त्याच महिन्यात २,१३६ अक्षरांची नवी यादी निघाली. तीत १९६ अक्षरे नवी होती, २९ रेघांचे ‘उत्सु’ (खिन्नता) सुद्धा. अडथळा-गाइ नव्हते.

दुसरा क्षण २०१८ चा. टोकियो पॅरालिम्पिक तोंडावर असताना संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या समित्यांनी या अक्षराचा पुन्हा विचार करावा असे सांगितले. भाषा-उपसमितीने पुन्हा तपासणी सुरू केली. दरम्यान ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुका शहराने वाट पाहिली नाही. एप्रिल २०१९ पासून नगरपालिकेच्या कागदपत्रांत अडथळा-गाइ आले. कायद्यांची नावे आणि विशेषनामे आहेत तशी ठेवली.

निष्पत्ती

२०२१ मध्ये उपसमितीने निष्कर्ष दिला: अक्षर यादीत तूर्त घालू नये. कारणे दोन. यादीत येण्यासाठी अक्षराची वारंवारता आणि नवे शब्द घडवण्याची ताकद पाहतात. हे अक्षर ‘शोगाइ’ सोडले तर जवळपास कुठेच येत नाही. दुसरे म्हणजे संबंधित लोकांत एकमत नाही. सोबत एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: यादी मार्गदर्शक असल्याने नगरपालिका आणि संस्था हे अक्षर आजही वापरू शकतात.

वारंवारतेचा निकष इथे स्वतःच्याच शेपटीत अडकतो. यादीत नाही म्हणून शाळेत नाही, शाळेत नाही म्हणून छापत नाहीत, छापत नाहीत म्हणून वारंवारता कमी, आणि म्हणून यादीत नाही. १९४६ मध्ये वगळलेल्या अक्षराला २०२१ मध्ये ‘वापर कमी’ म्हणणे आकड्यांच्या दृष्टीने बरोबर आहे, न्यायाच्या दृष्टीने अपुरे.

आज तिन्ही रूपे एकाच वेळी चालतात. एखाद्या शहराच्या माहितीपत्रकात कायद्याचे नाव हानी-गाइने, विभागाचे नाव हिरागानात आणि संघटनेचे नाव अडथळा-गाइने असे शेजारी दिसू शकते. शोध घेणाऱ्याला तिन्ही रूपे टाकावी लागतात. एकच टाकले तर उरलेले कागद हाती लागत नाहीत.

काय वेगळे करता आले असते

शब्दाचा इतिहास आधी मांडायला हवा होता. ‘युद्धानंतर अक्षर बदलले’ ही समजूत घट्ट झाल्यावर ‘शोगे’चा जुना अर्थ समोर आला. तो आधी कळला असता तर ‘मूळ शब्द परत आणा’ हा नारा सोडून ‘आज कोणता अर्थ हवा’ या प्रश्नाशी थेट भिडता आले असते.

२०१० मध्ये दोन मंडळे एकमेकांची वाट पाहत राहिली. भाषातज्ज्ञ म्हणाले, लोक ठरवतील. लोकांचे मंडळ म्हणाले, एकमत नाही. यादीत अक्षर असणे आणि कायद्यात ते वापरणे हे वेगळे निर्णय आहेत. अक्षर यादीत घालून कायद्याचे नाव तसेच ठेवता आले असते. मग शाळेत शिकवले गेले असते आणि पुढच्या पिढीला खरी निवड मिळाली असती. या प्रकरणातली सर्वांत मोठी हुकलेली संधी हीच.

हिरागानाचा मार्ग घेण्यापूर्वी स्क्रीन रीडरवर मजकूर ऐकून पाहणे तर काही तासांचे काम होते. उच्चारकोशात एक नोंद वाढवली की ‘सावारिगाइ’ थांबते.

मराठी अनुवादकाच्या टेबलावर

जपानीतून मराठीत काम करणाऱ्यांपुढे हे प्रकरण अगदी साध्या रूपात येते. तिन्ही लेखनरूपांना मराठीत ‘दिव्यांग’ हा एकच शब्द ठेवला की मूळ लेखकाने मुद्दाम केलेली निवड पुसली जाते. उलट, आपल्याकडचा ‘अपंग’कडून ‘दिव्यांग’कडे झालेला प्रवास, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आणि ‘दिव्य’ या विशेषणावर अपंग व्यक्तींच्याच संघटनांनी घेतलेले आक्षेप वाचकाला ठाऊक असतात, तेव्हा जपानी वाद समजावणे अवघड नाही. कायद्याचे नाव असेल तर रूढ मराठी शब्द वापरावा. लेखनरूपावरच चर्चा असेल तर पहिल्या उल्लेखाला ‘शोगाइ’ हा उच्चार देऊन, ‘हानी’ किंवा ‘अडथळा’ यांपैकी कोणते अक्षर आहे, की ध्वनिलिपी आहे, ते एका वाक्यात सांगावे आणि पुढे तोच शब्द चालवावा. चिनी मजकुरात ‘चांग-आय’ आले तर तो बहुधा रस्त्यातला, इमारतीतला अडथळा असतो. तिथे ‘अपंगत्व’ लिहिले तर वाक्यच चुकते. कोरियन ‘जांग-ए’ तर दूरध्वनी सेवा बंद पडली तरी वापरतात, म्हणून शेजारचा शब्द पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.